किल्ली वेगळी, भागपत्र वेगळं

पत्राचा सारांश: मुंबईच्या उपनगरात राहणारे एक वाचक अंधेरीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात आणि आपल्या सोसायटीचे खजिनदार आहेत. मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंड, ना-भोगवटा शुल्क आणि थकबाकीवरचं व्याज यांचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर त्यांनी 2019 मध्ये लिहिलं आणि जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खुलं केलं. आज त्यात 31 जणांचं काम आहे. नऊ जणांकडे राइट (कोड बदलण्याचा) अ‍ॅक्सेस आहे. त्यांतले चौघं दोन वर्षांत फिरकलेले नाहीत आणि त्या चौघांत वाचकांचे कॉलेजातले सरही आहेत. आता एका कंपनीला या कोडवर मोबाइल अ‍ॅप काढायचं आहे. तिची अट अशी की, सगळ्या 31 जणांनी करारनाम्यावर सही करून सर्व हक्क वाचकांच्या नावे द्यावेत. वाचकांनी परदेशी नमुन्यावरून बारा पानी करार तयार करून ग्रुपवर टाकला आणि सहीसोबत पॅन कार्डाची प्रतही मागितली. अकरा जणांनी सही केली, दोघांनी नाराजी कळवली, एकाने ग्रुपच सोडला. एकाचा पत्ता लागत नाही. एक विद्यार्थी काम देताना 17 वर्षांचा होता, आज 19 चा आहे. वाचक विचारतात, ‘सह्या मिळाल्या की अ‍ॅक्सेसचा प्रश्नही सुटेल ना? सही करतील त्यांचा अ‍ॅक्सेस ठेवावा आणि बाकीच्यांचा काढावा, असं केलं तर? आणि सरांना कोणत्या तोंडाने सांगू?’

स. न. वि. वि.

सह्या मिळाल्या तरी अ‍ॅक्सेसचा प्रश्न सुटणार नाही. सही आणि अ‍ॅक्सेस एकमेकांना बांधलेत, तर दोन्हीकडे नुकसान होईल. तुम्ही खजिनदार आहात, तेव्हा सोसायटीतलंच उदाहरण घेऊ. भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि पंपरूमची किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉचमनकडे किल्ली असते, भागपत्र नसतं. दुबईला गेलेल्या सभासदाकडे भागपत्र असतं, किल्ली नसते. त्याने किल्ली परत केली म्हणून त्याचा फ्लॅट जात नाही आणि वॉचमनला किल्ली दिली म्हणून तो सभासद होत नाही. करारनामा एवढंच विचारतो, की हा कोड द्यायचा हक्क तुम्हाला होता का आणि तो कोणत्या अटींवर दिलात. अ‍ॅक्सेसचा प्रश्न निराळा आहे: उद्या या माणसाचा पासवर्ड चोरीला गेला, तर काय काय मोडेल?

2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या खुल्या प्रकल्पात सापडलेली चोरवाट आठवा. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं उपयोगी काम करत दमलेल्या मूळ मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) विश्वास मिळवला, अ‍ॅक्सेस मिळवला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत घातक कोड घुसवला. अशा माणसाने कुठल्याही करारावर खोट्या नावाने हसत सही केली असती. तुमच्या नियमाप्रमाणे त्याचा अ‍ॅक्सेस शाबूत राहिला असता. उलट, दोन वाजवी प्रश्न विचारणारे तुमचे नाराज सहकारी बाहेर गेले असते.

म्हणून आधी हक्कांचं पाहू, मग किल्ल्यांचं.

‘सगळ्यांच्या सह्या लागतीलच’ हे तुम्ही कंपनीच्या शब्दावर मान्य केलंत. सह्या गोळा करण्याआधी कंपनीला एकच गोष्ट लेखी विचारा: आमच्या कोडचं तुम्ही नेमकं काय करणार आहात? जीपीएल धंद्याला मनाई करत नाही. तुमचं सॉफ्टवेअर कोणीही विकू शकतं, बसवून देण्याचे पैसे घेऊ शकतं, स्वतःच्या सर्व्हरवर चालवून शंभर सोसायट्यांना वर्षाच्या वर्गणीवर देऊ शकतं. त्यासाठी कोणाचीही सही लागत नाही. अट लागू होते ती प्रत दुसऱ्याच्या हाती देताना. ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला त्याचा सोर्स कोडही याच परवान्याखाली मिळाला पाहिजे. प्रोग्रॅम सर्व्हरवर नुसता चालवणं म्हणजे प्रत देणं नव्हे. तिथेही सोर्स द्यायला लावणारा एजीपीएल हा वेगळा परवाना आहे आणि तो तुम्ही निवडलेला नाही.

तेव्हा कंपनीचं उत्तर तीनपैकी एक असेल. तुमचा प्रोग्रॅम त्यांच्या सर्व्हरवर चालणार असेल, तर सह्यांची गरज नाही. अ‍ॅप त्यांनी स्वतः लिहिलेलं असेल आणि ते नेटवर्कवरून सर्व्हरशी फक्त बोलत असेल, तर ते सहसा वेगळा प्रोग्रॅम मानलं जातं. मग त्यांनी सर्व्हरच्या कोडमध्ये बदल केले तरी तुमच्या 31 जणांना त्रास द्यायचं कारण उरत नाही. तिसऱ्या शक्यतेत तुमचा कोड त्यांच्या बंद अ‍ॅपच्या पोटात जाणार असतो. तेव्हा मात्र त्या कोडच्या प्रत्येक हक्कधारकाची परवानगी हवी. मोबाइलच्या बाबतीत ही भीती हवेतली नाही. 2011 च्या जानेवारीत व्हीएलसी प्लेअर आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवरून हटवला गेला, कारण स्टोअरच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत अशी हरकत त्याच्याच एका लेखकाने घेतली होती. पुढे व्हीएलसीच्या मंडळींनी जुन्या लेखकांना एकेक करून गाठलं, परवाने बदलून घेतले आणि 2013 मध्ये प्लेअर परतला. काम अशक्य नाही, पण त्याला वर्षं लागतात. म्हणून ते अख्ख्या प्रकल्पाचं करायचं की एका तुकड्याचं, हे आधी ठरवा.

माझा अंदाज असा की, कंपनीला बिलाचा छापील नमुना नको असेल, लॉगिनचा कोडही नको असेल. तिला हवा असेल तो व्याज आणि शुल्क मोजणारा भाग. तो एका फोल्डरमध्ये असेल, तर त्या फोल्डरचे लेखक शोधा. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन आहे. त्याच्या शॉर्टलॉग या आज्ञेला एस, एन आणि ई हे पर्याय जोडून फोल्डरचं नाव दिलंत, की नाव, ईमेल आणि कमिटची (नोंदवलेल्या बदलांची) संख्या मिळते. एकच माणूस घरच्या आणि ऑफिसच्या ईमेलने दोनदा दिसतो, म्हणून आधी मेलमॅप ही फाइल तयार करून जोड्या लावा. तुमचे 31 त्यातच पंचविसावर येऊ शकतात. मग गिट ब्लेमने ओळींचे लेखक पाहा, पण साध्या ब्लेमवर विसंबू नका. कोणी सगळ्या फाइलींची मांडणी नीट केली असेल, तर प्रत्येक ओळ त्याच्याच नावावर दिसते आणि मूळ लेखक झाकला जातो. डब्ल्यू हा पर्याय मोकळ्या जागांचे बदल वगळतो. एम आणि मोठा सी हे पर्याय हलवलेल्या ओळींचा माग काढतात. शुद्धलेखनाची एखादी दुरुस्ती करणाऱ्यांच्या मागे लागू नका. जीपीएल ज्यातून आला तो जीएनयू प्रकल्प साधारण 15 ओळींपर्यंतच्या योगदानासाठी कागदपत्रं मागत नाही. तो कायदा नाही, पण समंजस मोजमाप आहे.

समजा त्या फोल्डरचे चार लेखक निघाले. त्यांना बारा पानं द्यायची गरज नाही. फोल्डरपुरता परवाना अपाची 2.0 (बंद सॉफ्टवेअरमध्येही वापरू देणारा) करायचा असेल, तर प्रत्येकाकडून ईमेलवर एवढं पुरे: ‘व्याज या फोल्डरमध्ये मी आजवर दिलेलं सर्व काम अपाची परवाना, आवृत्ती 2.0 खाली देण्यास माझी संमती आहे. ही संमती जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आहे. हे काम देण्याचा हक्क मला आहे.’ अपाची 2.0 चा कोड जीपीएल 3 च्या प्रकल्पात चालतो, उलटं चालत नाही. त्यामुळे बाकीच्या प्रकल्पाला धक्का लागत नाही. फक्त एक समजून घ्या: मग तो भाग त्या कंपनीलाच नव्हे, सगळ्यांनाच मोकळा होतो. तुमच्या मनात त्यातून पैसे मिळवायचे असतील, तर ही वाट उपयोगाची नाही. तसं असेल, तर ते चौघांनाही आधी सांगायला हवं.

नाराजीचं मूळ मला इथेच दिसतं. लोक सहीला नाही म्हणालेले नाहीत. ‘सर्व हक्क वाचकांच्या नावे’ या शब्दांना ते नाही म्हणाले असावेत. ऑगस्ट 2023 मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना मुक्त परवान्यावरून, धंद्यातल्या वापरावर बंधनं घालणाऱ्या बिझनेस सोर्स परवान्यावर नेला. बाहेरच्यांचं योगदान ती कंपनी सीएलए (योगदान देणाऱ्याशी हक्कांबाबतचा करार) करून घेत होती, त्यामुळे हे तिला करता आलं. त्यातूनच ओपनटोफू हा स्वतंत्र प्रकल्प फुटून निघाला. तेव्हापासून सीएलए म्हटलं की जाणते लोक विचारतात, उद्या हा दरवाजा बंद करण्याचा अधिकार मी कोणाला देतोय? तुमचे सहकारी हेच विचारत असतील, तर ते प्रकल्पाची काळजीच घेत आहेत.

इथून पुढच्या कामासाठी तुम्हाला डीसीओ (कोड कुठून आला याबद्दल योगदान देणाऱ्याचं निवेदन) पुरेल असं मला वाटतं. 2003 मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समधली कोणती ओळ कुठून आली, हे दाखवायची वेळ आली. त्यानंतर 2004 मध्ये ही पद्धत सुरू झाली. योगदान देणारा प्रत्येक कमिटच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ असं लिहून नाव आणि ईमेल देतो. त्याचा अर्थ: हे मी लिहिलंय किंवा मला द्यायचा हक्क आहे, ते या प्रकल्पाच्या परवान्याखाली देतोय आणि याची नोंद जाहीर राहील हे मला मान्य आहे. यात मालकी कुणाकडे जात नाही, नवा करार होत नाही. गिटहबसारख्याच गिटलॅबने 2017 मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतलं. सही करून हक्क लिहून घेण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जीसीसी या जीएनयूच्या कंपायलर प्रकल्पानेही 2021 पासून डीसीओ चालवून घेतलं.

डीसीओची मर्यादाही माहीत असू द्या. त्याने पुढे परवाना बदलायचा अधिकार मिळत नाही. तो हवा असेल, तर परवाना-स्वरूपाचा सीएलए लागतो. त्यात मालकी लेखकाकडेच राहते आणि प्रकल्पाला व्यापक परवाना मिळतो. अपाची फाउंडेशनचा वैयक्तिक करार याच जातीचा आहे. मालकीच लिहून देणारा करार तिसरा. तुमच्या प्रकल्पाला त्याचं काहीही काम नाही.

डीसीओ लावताना लोक कुठे अडखळतात तेही सांगतो. कमिट करताना छोटा एस पर्याय दिला की ओळ आपोआप येते, पण संगणकावर गिटमध्ये नाव-ईमेल चुकीचं भरलेलं असेल, तर साइन-ऑफची आपोआप होणारी तपासणी लाल (नापास) होते. विसरलेल्या तीन कमिटना मागून ओळ जोडायची, तर गिट रिबेसला साइनऑफ पर्याय देऊन शेवटच्या तीन कमिटवर चालवावं आणि स्वतःच्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) फोर्स पुश करावं, म्हणजे जुन्या इतिहासावर नवा चढवावा. दुसऱ्याच्या वतीने तुम्ही ती ओळ लिहायची नाही, मग तो कितीही आळस करो. ती ओळ म्हणजे त्याचं निवेदन आहे. गिटहबच्या पानावरच एखादा शब्द बदलणाऱ्यांसाठी रेपोच्या (प्रकल्पाच्या कोडसाठ्याच्या) सेटिंगमध्ये वेब-कमिटला साइन-ऑफ सक्तीचं करायची सोय आहे. अनेक कमिट एकात गोळा करून (स्क्वॉश) मुख्य कोडमध्ये मिसळता (मर्ज) तेव्हा ती ओळ संदेशात टिकली का, तेवढं बघा. मराठी-हिंदी भाषांतर करून देणाऱ्यांना विसरू नका, भाषांतरालाही कॉपीराइट असतो. बिलाच्या पीडीएफसाठी मुक्ता किंवा बलू यांसारखा देवनागरी फॉन्ट रेपोत ठेवला असेल, तर त्याच्या ओपन फॉन्ट लायसन्सची फाइल त्याच्याशेजारीच हवी.

आता तुमच्या बारा पानांतला मोठा दोष. करार कोणाशी आहे? ‘प्रकल्प’ ही कायद्याने व्यक्ती नाही. नोंदणीकृत संस्था, न्यास किंवा कलम 8 ची कंपनी यांपैकी काही नसेल, तर तो करार तुमच्याशी, एका माणसाशी होतो. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर ते हक्क वारसांकडे जातील. तुम्ही कंपनीकडून पैसे घेतलेत तर ते कायद्याने तुमचेच असतील. सही करणाऱ्याने हे वाचून थबकावं, यात गैर काहीच नाही.

परदेशी नमुना भारतीय कायद्यात जसाच्या तसा बसत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं लागतं. त्यात काम कोणतं, हक्क कोणते, मुदत किती आणि प्रदेश कोणता हे असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. कलम 30अ मुळे या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. म्हणूनच वरच्या तीन वाक्यांच्या संमतीत ‘जगभरासाठी’ आणि ‘पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द मुद्दाम आहेत, ते गाळू नका. केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार बाद होत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ सांगतं. त्यामुळे परवानगीपुरता ईमेल चालतो. मालकी लिहून घ्यायची असेल किंवा पैशांचा व्यवहार असेल, तर मात्र सही कशी असावी आणि मुद्रांक किती लागेल हे वकिलाला विचारूनच पुढे जा.

आणि आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. तुम्ही स्वतः अंधेरीत नोकरी करता. या कोडमध्ये सर्वांत जास्त ओळी तुमच्या आहेत. त्या तुमच्याच आहेत का? कलम 17 प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. ‘रात्री जागून, स्वतःच्या लॅपटॉपवर केलं म्हणजे माझंच’ ही समजूत पुष्कळांची असते. ती बाजू भक्कम करते, पण निर्णायक नाही. नेमणूकपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम काढून वाचा. काही ठिकाणी नोकरीच्या काळात केलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवर हक्क सांगितलेला असतो. मग एचआर आणि कायदा विभागाला छोटा ईमेल लिहा: प्रकल्पाचं नाव, परवाना, कधीपासून, कोणत्या वेळात, कंपनीचा कोड, यंत्र किंवा माहिती वापरलेली नाही, कंपनीच्या धंद्याशी याचा संबंध नाही, आणि ‘या कामावर कंपनीचा हक्क नाही हे कृपया लेखी कळवावं’. उत्तर येईपर्यंत मोबाइल अ‍ॅपवाल्या कंपनीबरोबर काहीही सही करू नका. इतर 30 जणांकडे हक्काचा दाखला मागायचा आणि आपला नसायचा, हे बरं नव्हे. नोकरी करणाऱ्या सहकाऱ्यांनाही हाच ईमेलचा नमुना द्या, ते तुम्हाला दुवा देतील.

विद्यार्थ्याचं सोपं आहे, पण एक खाच आहे. भारतीय करार कायद्यात अज्ञानाचा (18 वर्षांखालच्या व्यक्तीचा) करार मुळातच रद्द असतो आणि सज्ञान झाल्यावर तो मागाहून कायमही करता येत नाही. म्हणून ‘तेव्हाचं मान्य आहे’ असं लिहून घेऊ नका. आज, 19 व्या वर्षी, ‘मी आजवर दिलेलं सर्व काम या परवान्याखाली देत आहे’ असं नव्याने लिहून घ्या. यापुढे 18 खालचं कोणी आलं तर आई किंवा वडिलांचा ईमेल सोबत घ्या, आणि मुलाला परतवू मात्र नका.

ज्याचा पत्ता लागत नाही, त्याचं काम जीपीएलखाली दिलेलं आहे आणि तसंच राहू शकतं. प्रकल्प चालवायला त्याची आज गरज नाही. परवाना बदलायच्या फोल्डरमध्येच त्याचा कोड असेल, तर ‘कळवलं नाही म्हणजे संमती’ असं धरू नका. सगळ्या जुन्या ईमेलवर लिहा, महिनाभर थांबा. मग त्या कोडकडे न पाहता तो भाग दुसऱ्या कुणाकडून नियमांवरून नव्याने लिहून घ्या. व्याजाचा नियम सोसायटीच्या उपविधीत आहे, तो कोणाच्या मालकीचा नाही. त्याची कोडमधली मांडणी त्या लेखकाची आहे.

आता किल्ल्या. इथे खरा धोका आहे आणि तुमच्या पत्रात याला सर्वांत कमी जागा मिळाली आहे.

तुमचा रेपो तुमच्या वैयक्तिक खात्यावर असावा असं पत्रावरून दिसतं. तिथे दोनच पायऱ्या असतात, मालक आणि कोलॅबोरेटर. म्हणून नऊच्या नऊ जण एकाच पायरीवर उभे आहेत. गिटहबवर ऑर्गनायझेशन फुकट काढता येते आणि तिथे पाच पायऱ्या मिळतात: रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन, अ‍ॅडमिन. ती काढा, मालक म्हणून दोघं ठेवा, एक नाही आणि पाचही नाहीत. रेपो तिकडे हस्तांतरित करा. इश्यू (नोंदवलेल्या अडचणी), पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या), स्टार सगळं सोबत जातं आणि जुने दुवे नव्या जागी वळतात. मात्र जुन्या खात्यावर त्याच नावाचा नवा रेपो काढलात तर ते वळण तुटतं. गिटहब पेजेसवर माहितीपुस्तिका असेल, तर तिचा पत्ता आपोआप वळत नाही. हस्तांतरानंतर कोणाकडे काय अ‍ॅक्सेस राहिला, ती यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. मग सगळ्यांना दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची करा, पण आठवडाभर आधी कळवून. नाहीतर ऐन बिलाच्या तारखेला कुणाचा तरी प्रवेश अडेल.

मुख्य ब्रँचवर संरक्षण लावा: पुल रिक्वेस्टशिवाय बदल नाही, एकाचा रिव्ह्यू हवा, रिव्ह्यूनंतर नवा कमिट आला तर जुनी मंजुरी रद्द, फोर्स पुश बंद, आणि हे नियम अ‍ॅडमिनलाही लागू. दोन रिव्ह्यूंची अट घालू नका. काम करणारे पाचच आहेत. महिन्याअखेरीस दुरुस्ती अडकली की कोणीतरी संरक्षणच काढून टाकतो आणि ते परत लावायचं राहून जातं. व्याजाचं फोल्डर, वर्कफ्लोचं (आपोआप चालणाऱ्या कामांचं) फोल्डर आणि खुद्द कोडओनर्स (कोणत्या भागाला कोण जबाबदार हे सांगणारी) ही फाइल यांना दोन जबाबदार नावं कोडओनर्समध्ये द्या आणि त्यांच्या रिव्ह्यूची सक्ती ब्रँचच्या नियमांत चालू करा. नाव दिलेल्या माणसाकडे राइट अ‍ॅक्सेस नसेल तर ती ओळ निकामी असते.

राइट अ‍ॅक्सेस म्हणजे केवळ कोड ढकलण्याची परवानगी, असा समज आहे. तसं नाही. ज्याला राइट आहे तो स्वतःच्या ब्रँचवर वर्कफ्लो बदलून रेपोतली गुपितं (पासवर्ड, टोकन) वाचू शकतो. पायपीआय या पायथन पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावर पॅकेज प्रसिद्ध करायचं टोकन तिथे साधं ठेवलं असेल, तर तुमचे नऊही जण उद्या तुमच्या नावाने नवी आवृत्ती काढू शकतात, मुख्य ब्रँचला हात न लावता. यावर उपाय असा: प्रसिद्धीसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, त्याला मंजुरी देणारा माणूस नेमा आणि ते फक्त संरक्षित ब्रँचवरूनच चालेल असं बांधा. टोकनही ठेवू नका. पायपीआयची ट्रस्टेड पब्लिशिंग ही सोय 2023 पासून आहे, तिच्यात कायमचं टोकन लागतच नाही. फक्त रेपो ऑर्गनायझेशनमध्ये हलवल्यावर तिथलं मालकाचं नाव बदलायला विसरू नका, नाहीतर पुढची आवृत्ती निघणारच नाही.

अ‍ॅक्सेस काढताना गिटहबवर थांबू नका. सोसायटीतला जुना सेक्रेटरी किल्ली परत करतो, पण नाक्यावर करून घेतलेली डुप्लिकेट त्याच्या ड्रॉवरमध्येच असते. पायपीआयवरची मालक-यादी, डेमो सर्व्हरच्या एसएसएच किल्ल्या, डोमेनचं खातं, रेपोच्या डिप्लॉय कीज, प्रकल्पाचं सामायिक ईमेल, ग्रुपचे अ‍ॅडमिन, या प्रत्येकाची एका कागदावर यादी करा आणि प्रत्येक नावासमोर तारीख लिहा.

राहिले सर. तुम्हाला वाटतंय की अ‍ॅक्सेस काढणं म्हणजे अपमान. पण दोन वर्षं न वापरलेलं खातं ही चोराला सर्वांत आवडणारी जागा असते. त्या खात्यातून वाईट कोड आला, तर तो सरांच्या नावाने येईल. हे ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे आदर नव्हे. नियम माणसाला नको, काळाला लावा, आणि स्वतःलाही लावा. ग्रुपवर टाकण्याआधी सरांना फोन करा, मग हा निरोप पाठवा: ‘सर, प्रकल्पाच्या सुरक्षेसाठी आपण नियम करतोय. ज्याच्या नावावर 12 महिन्यांत मर्ज किंवा रिव्ह्यू नाही, त्याचा राइट अ‍ॅक्सेस थांबतो. मलाही हाच नियम आहे. पुढच्या महिन्यापासून तुमचा अ‍ॅक्सेस ट्रायाजवर येईल, म्हणजे इश्यूंना लेबल लावणं, बंद करणं चालू राहील. मेंटेनरांच्या फाइलीत तुमचं नाव माजी मेंटेनर म्हणून कायम राहील. पुन्हा हात घालावासा वाटला तर एका ओळीचा निरोप पुरे.’ ते नाव खरंच कायम ठेवा, आणि गिटच्या इतिहासातली लेखकांची नावं कधीही पुसू नका. आपल्या कामावर आपलं नाव सांगण्याचा हक्क कलम 57 ने लेखकाला दिलाय आणि कॉपीराइट दिला तरी तो त्याच्याकडेच राहतो.

कामाला हात घालाल तो असा: आधी एचआरचा ईमेल आणि कंपनीला लेखी प्रश्न, कारण उत्तरं यायला वेळ लागतो. तोवर किल्ल्यांचं काम उरका, त्याला कोणाचीच सही लागत नाही.

आणि हे आजच करा. बारा पानी करार मागे घेतल्याचं ग्रुपवर स्पष्ट लिहा. ज्या अकरा जणांनी सही केली, त्यांना कळवा की त्या सह्यांच्या आधारे तुम्ही कोणताही हक्क सांगणार नाही, आणि हे प्रत्येकाला स्वतंत्र ईमेलवर द्या. पॅनच्या प्रती फोनमधून, ईमेलमधून आणि ड्राइव्हवरून काढून टाका. संमतीच्या नोंदीला नाव, ईमेल, तारीख आणि मजकूर एवढंच लागतं, आणि इतरांची कागदपत्रं जवळ बाळगण्याची जोखीम घ्यायचं तुम्हाला कारण नाही. ज्यांनी ग्रुप सोडला त्यांना मात्र मेसेज करू नका, फोन करा. काही मागण्यासाठी नको, करार मागे घेतला एवढं सांगण्यासाठी.